गिटारची पेटी, कोंबडीची पेटी

आत्मकथन म्हातारपणी लिहावं असा दंडक आहे. दात पडलेले असावेत, आठवणी पिकलेल्या असाव्यात, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं शक्यतो वर गेलेली असावीत, म्हणजे कुणी दारात येऊन भांडत नाही. माझं यातलं काहीच जमलेलं नाही. दात शाबूत आहेत, तिशी नुकतीच ओलांडलीय, आणि ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यातले निम्मे हे वाचून फोन करणार आहेत. करा. नंबर तोच आहे. म्हातारपणाची वाट बघत बसण्याइतका माझा स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास नाही, आणि दुसऱ्यांच्या तर त्याहून नाही.

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. भोरला कॉलेजात असताना आमच्या संघटनेची सगळी पत्रकं माझ्याच हातची. जाहीर सवाल, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. आमच्याकडं खासगी असं काही नव्हतंच. पत्रकाचं तंत्र सोपं असतं. पहिल्या ओळीत संताप, दुसऱ्या ओळीत त्याहून जास्त संताप, आणि तळाला वेळ व ठिकाण. एसटी स्टँडच्या मागं छापखाना होता, तिथले काका मजकूर वाचून म्हणायचे, "पोरी, माझ्याकडची उद्गारचिन्हं संपली. आता जरा पूर्णविरामावर भागव." तेव्हा हे प्रकरण मधूनमधून तावातावानं गेलं तर समजून घ्या. नाही घेतलं तरी मी काही थांबणार नाही.

आमचं घर वेल्ह्याच्या बाजूला, धरणाच्या वरच्या अंगाला. शनिवारी कॉलेज सुटलं की भोरहून नसरापूर, तिथं गाडी बदलून वर. पावसाळ्यात आमच्याकडं पाऊस पडतो असं म्हणणं म्हणजे समुद्रात पाणी असतं असं म्हणणं. तो पडत नाही, राहायलाच येतो. चार महिने घरातली मिठाची बरणी पाझरते, आगपेटी पेटत नाही, गोधडीला कुबट वास येतो आणि पत्र्यावर असा आवाज चालू असतो की नवराबायको भांडली तरी शेजाऱ्यांना काही कळत नाही. वेल्ह्यातले संसार टिकतात त्याचं अर्धं श्रेय पत्र्याला आहे. घरात आम्ही तिघं. वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आई आणि मी. खाणं म्हणजे तांदळाची भाकरी, ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा, रस्सा नसेल तेव्हा टाकळ्याची भाजी, आणि भाजीही नसेल तेव्हा सुकटीची चटणी. आई म्हणायची, "पोटाला मिळतंय न्हवं? मग नाकानं काय वास घ्यायचाय त्यो घेऊ दे."

आणि चुलीच्या वर, धुरात, लसणाच्या जुड्या आणि बियाण्याची मक्याची कणसं यांच्यामधे, खुंटीला एक गिटार टांगलेलं असायचं.

हे वाचून शहरातले वाचक हळहळले असतील, ठाऊक आहे मला. गिटार म्हणजे सोफ्याशेजारी स्टँडवर उभं करायची वस्तू. पण हे गिटार आलं तेव्हा आमच्याकडं सोफा नव्हता. तात्या तरणेपणी पुण्याच्या कँपात एका हॉलवर कामाला होते. खुर्च्या मांडायच्या, फरशी पुसायची, आणि बँड वाजत असेल तोवर दाराशी उभं राहायचं. बँडमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना दुपारच्या वेळी तीन पकडी, म्हणजे तारांवर बोटं दाबून धरायच्या तीन तऱ्हा, शिकवल्या. चौथी शिकवायच्या आधी मास्तर लेकाकडं परदेशी निघून गेले आणि जाताना गिटार तात्यांच्या हातात ठेवून गेले, पेटीसकट. तात्या ते घेऊन एसटीत बसले तर कंडक्टरनं ती लांबट काळी पेटी बघून विचारलं, "आत मयत हाय का?" तात्या म्हणाले, "न्हाई, वाद्य हाय." "मग वर टाका," कंडक्टर म्हणाला, "मयत असतं तर जागा दिली असती."

वस्तीतल्या बायांनी त्याचं नाव ठेवलं थोरलं तुणतुणं. मग ढोलकीवाला मिळाला, पेटीवर किसनमामा बसले, आणि 'बबन कोंडिबा आणि पार्टी' उभी राहिली. जयंतीची गाणी, लग्नातली गाणी, बारशाची गाणी. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांपासून खाली कामथडी, शिवऱ्यापर्यंत पार्टी जायची. तीन पकडींत सगळं. लोक म्हणायचे, बबनभाऊंच्या सगळ्या गाण्यांची चाल एकच वाटते. तात्या म्हणायचे, "चाल एकच असू द्या. चालणारं लई हायत."

गिटार पहिल्याच पावसाळ्यात पेटीत ठेवलं होतं, जसं ठेवायचं असतं तसं. श्रावणात पेटी उघडली तर आत पांढरीफेक बुरशी. तेव्हापासून ते चुलीवर गेलं, कारण आमच्याकडं जे टिकवायचं ते चुलीवर जातं. बियाणं तिथं टिकतं, गिटार का टिकू नये? टिकलंही. मोडत गेलं आणि टिकत गेलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी निघाली, तात्यांनी बाभळीच्या तुकड्याची नवी केली. खुंट्या झिजल्या, सायकलवाल्याकडून दुरुस्त झाल्या. एक जाडी तार तुटली ती पुण्याला जायचं होईना म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरचा पदर सोडवून लावली. ती तार इतरांपेक्षा जरा रागीट बोलायची. आणि रिकामी पेटी? आतून लाल मखमल, बाहेरून पितळी कड्या, वर झाकण. असली वस्तू आईच्या घरात रिकामी राहील हे शक्यच नव्हतं. तिच्यात बाळंतिणीची लुगडी झाली, हरभरा झाला, मी झाले (मला त्यात निजवत असत, असं सांगतात), आणि पुढं ती कायमची कोंबड्यांकडं गेली.

आता मुख्य गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याहून एक सर व्याख्यानाला आले. जुनी वाद्यं जमवून, ओळखून, जपून ठेवणारी त्यांची एक मोठी जागा होती. विषय: आपला सांगीतिक वारसा. आपला म्हटल्यावर मी पुढच्या रांगेत बसले. सरांनी पडद्यावर तिथल्या भिंतीची चित्रं दाखवली. सतारी, तंबोरे, बीन, सारंग्या. प्रत्येकीखाली नाव: अमुक बुवांचा तंबोरा, तमुक संस्थानिकांची सतार. चित्रं संपल्यावर मी उभी राहिले. "सर, या भिंतीवर आमच्यातलं कोण आहे?" सर म्हणाले, "आमच्यातलं म्हणजे?" मी सांगितलं. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मी तात्यांचं सांगितलं, पार्टीचं सांगितलं, आणि कँपातून आलेल्या गिटारचंही सांगितलं. गिटार म्हटल्यावर सरांचे डोळे चमकले. मला वाटलं, संतापाचा विजय. त्यांनी भर सभेत हात पसरून सांगितलं, "आणा! लावतो भिंतीवर!" टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी माझं पत्रक निघालं: 'भिंतीवर आमचं नाव!' यावेळी छापखान्याच्या काकांनी उद्गारचिन्ह स्वतःहून दिलं.

मला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गोंधळ नको. मला त्या भिंतीवर तात्यांचं नाव हवं होतं. ज्या माणसानं उभी हयात दोन तालुके गाऊन काढले आणि ज्याची एक ओळ कुठं छापून आली नाही, त्याचं नाव त्या बुवांच्या आणि संस्थानिकांच्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत. त्यासाठी गिटार द्यावं लागणार होतं. माझी तयारी होती. तात्यांची होती का? त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बगू." आमच्या घरात 'बगू' म्हणजे हो नाही, नाही नाही, आणि जेवायला वाढ.

सरांनी आधी फोन केला. आमच्याकडं रेंज फक्त विहाराच्या पायरीवर येते, म्हणून तात्या छत्री धरून पायरीवर आणि आई छत्रीखाली. सर मोठ्यानं सांगत होते, "गिटार तर आहेच, पण पेटी? पेटी आहे ना अजून? पेटी फार महत्त्वाची. कोरड्या जागी ठेवा. सारखी उघडझाप करू नका. मी स्वतः पेटी बघायला येतोय." आई घरी येऊन कामालाच लागली. किसनमामा वारल्यापासून पार्टीची पेटी, म्हणजे वाजवायची पेटी, म्हणजे हार्मोनियम, आमच्याच माळ्यावर होती. भाता फाटलेला, चार पट्ट्या बसलेल्या. ती खाली आली, पुसली गेली, बाजेवर पांढऱ्या चादरीवर विराजमान झाली. साऱ्या वस्तीत बातमी: पुण्याचा साहेब किसनमामाची पेटी बघायला येतोय. किसनमामाची बायको नवं लुगडं नेसून सकाळपासून येऊन बसली.

सर आले, बूट चिखलात सोडून आत आले. आईनं पाणी पुढं केलं. "नको, बाटली आहे," सर म्हणाले. पूर्वी लोक आमच्या घरचं पाणी नाकारायचे त्याला एक नाव होतं. आता सगळ्यांकडं बाटली असते, त्यामुळं नाव ठेवायची सोय राहिली नाही. सरांची बाटली निव्वळ पोटासाठीही असेल. मी फक्त नोंद करतेय. नोंदीचा विषय पुढं येणारच आहे.

"पेटी?" सर म्हणाले. तात्यांनी बाजेकडं हात केला. सरांनी हार्मोनियमकडं असं बघितलं जसं स्थळ बघायला गेलेल्या मुलानं मुलीच्या आत्येकडं बघावं. "ही नाही हो. गिटारची पेटी."

तात्या समजावून सांगू लागले, "सायेब, गितारीला पेटी लागत न्हाई. नुसती ढोलकी आसली तरी भागतं."

"नाही, नाही, गिटार ज्यात ठेवतात ती!"

"ज्यात ठेवत्यात?" आईनं विचार केला. "चुलीवर ठेवतो आमी."

शेवटी मीच कोपऱ्यातली टोपली बाजूला केली. मागं ती काळी लांबट पेटी, झाकण उघडं, आणि आत लाल मखमलीत, नेमकं जिथं गिटारचं पोट यायचं तिथं, आमची तांबडी कोंबडी पिसं फुलवून अंड्यांवर बसलेली. सर गुडघ्यावर आले. "अरे देवा," ते म्हणाले. कोंबडीनं त्यांना चोच मारली. किसनमामाची बायको उठली आणि निघून गेली. त्या दिवशी अपमान झालेली ती पहिली व्यक्ती, आणि तिची दखल कुणीच घेतली नाही. मीसुद्धा नाही, कारण मला भिंत दिसत होती.

मग ओळखपरेड झाली. सरांनी बॅटरी काढली, दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला चिमुकला आरसा काढला, आणि गिटारच्या पोटात घालून बघू लागले. वाकून वास घेतला. पुढची फळी बोटानं ठोकली, मागून ठोकली, कान लावला. आई हळूच म्हणाली, "धाप लागती का ते बगत्यात जनू." काळपट रंगावरून सरांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "हा गडद रंग मूळचा?" तात्या म्हणाले, "न्हाई, धूर हाय." सरांनी बोट पुसलं. मग एकेक जागा दाखवून ते विचारत गेले आणि तात्या सांगत गेले.

"ही घोडी मूळची?"

"बाबळीची हाय. म्या केली."

"या खुंट्या?"

"नसरापुरातनं."

"आणि ही तार?"

"सायकलची."

"म्हणजे मूळचं काय राहिलंय, बबनराव?"

तात्यांनी जरा आठवून बघितलं. "भोक," ते म्हणाले.

एक सांगते, सर काही अडाणी नव्हते. त्यांनी दाखवलं की धुरानं सांधे चिकटवणारा सरस वाळून सुटतोय, तारांच्या ताणानं पुढची फळी फुगलीय, मान किंचित वाकलीय. ते सगळं खरं होतं. त्यांचा निकाल असा: गिटार कलकत्त्याकडच्या कारखान्यातलं, जुनं पण दुर्मीळ नाही. पेटी मात्र विलायती, त्याहून जुनी, आतल्या कापडावर बनवणाराची चिठ्ठी अजून चिकटलेली. दोन्ही एकत्र असतील तर ठेवण्यासारखं. "आजच नेतो," सर म्हणाले.

"पेटी आज न्हाई मिळायची," आई म्हणाली. "खुडूक बसलीया ती. बसल्या कोंबडीला हलवत न्हाईत. अंडी गार पडली तर पिल्लं जात्याल."

"अहो, दुसऱ्या खोक्यात ठेवा तिला."

"तुमी ठिवा," आई म्हणाली, आणि बाजूला झाली.

सरांनी कोंबडीकडं बघितलं. कोंबडीनं सरांकडं बघितलं. ठरलं असं की पिल्लं निघाली की कळवायचं. जाताना सर हवेतली ओल मोजायचं काटेवालं यंत्र देऊन गेले, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या देऊन गेले (आईनं त्यातली एक मिठाच्या बरणीत टाकली होती, मी वेळेवर काढली), आणि आज्ञा देऊन गेले: गिटार चुलीवर टांगायचं नाही, तारा सैल सोडायच्या, आडवं ठेवायचं, वाजवायचं मुळीच नाही. यंत्राचा काटा आमच्या घरात आल्याआल्या शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला आणि दिवाळीपर्यंत तिथंच टेकून राहिला.

तारा सैल सोडलेलं गिटार बाजेवर चादर पांघरून पडलं. विहारात वर्षावास चालू होता. रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि वाचनानंतर दोन गाणी ही आमच्याकडची रीत. गाणी गिटारशिवाय व्हायला लागली. मग वस्तीतली माणसं एकेक करून घरी यायला लागली, जशी आजाऱ्याला बघायला येतात तशी. दारात चपला काढायच्या, बाजेजवळ टेकायचं, चादरीकडं बघून आवाज खाली आणायचा. "बबनभाऊ, कशी हाय?" "हाय तशी हाय." "उतार न्हाई?" एक म्हातारी तर केळी घेऊन आली. तात्यांच्या डाव्या हाताची बोटं जेवताना ताटाच्या काठावर त्याच तीन पकडी धरत बसायची. आई बघायची आणि भाकरी जरा जोरात थापायची. "सुजे," ती एकदा म्हणाली, "तुज्या भिंतीवर ह्येंचं नाव लागंस्तवर ह्ये घरात भिंतीसारखे बसून ऱ्हानार दिसतंय." मी तिला इतिहासाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लाकडं आन."

चुलीवरनं उतरवलेल्या गिटारच्या पाठीवर आठवड्यानं पुन्हा ती पांढरी बुरशी दिसायला लागली. म्हणजे धुरात सांधे सुटणार आणि धुराबाहेर बुरशी धरणार. एकूण आमच्या हवेला गिटार मान्यच नव्हतं. मला हे पुराव्यासारखं वाटलं: पाठवा पुण्याला. तात्या फडक्यानं पाठ पुसत राहिले.

पिल्लं निघाली. मी कळवलं. आणि पाहुण्यांना वस्तू द्यायची म्हणून आईनं आदल्या दिवशी पेटी ओढ्यावर नेऊन साबणाच्या चुऱ्यानं घासली. आतबाहेर. दगडावर उलटी टाकून निथळली, चुलीपाशी वाळवली. सर आले तेव्हा तिनं मोठ्या अभिमानानं झाकण उघडलं. लाल मखमल गुलाबी झाली होती. आतली चिठ्ठी ओढ्यानं धरणाला नेली होती.

सर अगदी हळू म्हणाले, "आता या पेटीची ओळख पटवता येणार नाही."

"का वो?" आई म्हणाली. "म्या वळखते की. ही आपलीच पेटी."

मला हसू आलं नाही तेव्हा. आता येतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की भिंत हातची जातेय. पण सर मोठ्या मनाचे. त्यांनी सुस्कारा सोडून गिटार त्या गुलाबी पेटीत ठेवलं, कड्या लावल्या, आणि मोबाईल तोंडाजवळ धरून आवाज नोंदवायला सुरुवात केली. पुण्यात बसलेलं कुणीतरी ते ऐकून भिंतीवरची पाटी करणार होतं. "नोंद. गिटार, पेटीसह. कारखान्यातील घडण. पेटीवरील चिठ्ठी नष्ट. गिटारची स्थिती मध्यम. ग्रामीण वापरामुळे झीज." त्यांनी बटण दाबलं. झालं.

"वादकाचं नाव राहिलं," मी म्हणाले.

"कोणाचं?"

"हे समोर बसलेत, त्यांचं."

सरांनी तात्यांना नमस्कार केला. मनापासून केला, खोटं कशाला बोलू. "असं आहे," ते म्हणाले, "वादकाचं नाव आपण लावतो, पण त्या वादकाची कुठेतरी नोंद असावी लागते. रेडिओ, एखादी ध्वनिमुद्रिका, लेख. नाहीतर उद्या कुणीही काहीही सांगेल."

"तुम्ही आत्ता नोंदच करताय ना?"

"ही वाद्याची नोंद आहे."

"मग वादकाची कुठं होते?"

"ज्यांची नोंद आहे त्यांची होते."

"भर सभेत म्हणाला होतात, आणा, लावतो."

"लावतोच आहे की," सर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी कशाला चिडलेय. "गिटार."

पुढं मी बरंच बोलले. ते सगळं पत्रकात छापून आलेलं आहे, पुन्हा लिहीत नाही. सर शांतपणे ऐकत होते, कारण माझ्यासारख्या मुलींना शांतपणे ऐकायचं असतं हे त्यांना माहीत होतं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तात्यांनी विचारलं, "सुजे, त्ये गिरामीन वापर म्हंजी काय गं?"

"म्हणजे तुम्ही, तात्या."

"म्या?"

"तुम्ही. तुमच्यामुळं झीज झाली असं म्हणतायत ते."

तात्यांनी पेटीच्या कड्या उघडल्या. गिटारच्या मानेमागं, जिथं त्यांचा अंगठा बसायचा, तिथं लाकडाला उथळ खळगा पडला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "व्हय, झालीया खरी," ते म्हणाले. राग नव्हता त्यांच्या आवाजात; गवंड्यानं आपलीच जुनी भिंत बघावी तसे बघत होते. मग त्यांनी गिटार पेटीतनं बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं. "सायेब, तुमी जरा लवकर आलासा. वापर आजून संपला न्हाई."

"बबनराव, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका," सर म्हणाले. "हे असंच वाजवत राहिलात तर दोनतीन पावसाळ्यांत वाद्य संपेल."

"म्या बी संपन की," तात्या म्हणाले. "कोन आदी, त्ये बगू."

सरांनी निदान पेटी तरी मागून बघितली. आई म्हणाली, "पेटी न्हाई जमायची वो. दुसरी बी खुडूक झालीया." सर बूट हातात घेऊन चिखलातनं गाडीकडं गेले. जाताना ते यंत्र विसरले. की ठेवून गेले, माहीत नाही.

मी तात्यांवरही चिडले होते. आजही थोडी आहे, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितेय. नाव न लावता गिटार नेऊ बघणारे सर चुकले; पण नाव लागायची शेवटची शक्यताही तात्यांनी हसत घालवली, आणि माझ्या पत्रकाचं मात्र जाहीर हसं झालं. भोरला महिनाभर पोरं विचारत होती, "काय गं, भिंतीला रंग दिला का?" त्या भिंतीवर अजून आमच्यातलं कुणी नाही. मी अधूनमधून जाऊन बघून येते. तिकीट काढून.

त्या संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन संपलं आणि तात्या तारा ताणायला लागले. इतके दिवस सैल पडलेल्या तारा काही केल्या सुरात येईनात; ब्रेकची तार तर जास्तच तापट झालेली. कुणी घाई केली नाही. मग गाणं सुरू झालं, त्यांचं स्वतःचं, जुनं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडं गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. पत्ता, सही, छापखाना, सगळं तेच. शेवटचं कडवं आलं, तात्यांनी उचललं, "कोंडिबाचा बबन म्हणे, दिवा मालवू नका रं," आणि झिलकऱ्यांसारखी सारी वस्ती ती ओळ परत म्हणते, तशी म्हणायला लागली. फक्त आई या ओळीला गप्प असायची. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून. त्या रिवाजावर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं आणि त्यावर तिनं पापड वाळवले होते. नावाच्या जागी ती नुसत्या टाळ्या वाजवायची आणि 'म्हणे'पासून पुन्हा सुरू व्हायची. मी तिच्या शेजारीच बसले होते. ओळ दुसऱ्यांदा आली. टाळी वाजली नाही म्हणून मी वळून बघितलं. आईनं पदर नीट केला आणि ते नाव घेतलं. मोठ्यानं, सगळ्यांच्या जरा आधीच.